दहा ते पावणेअकरा

शिवप्रियाला लहानपणी कशाचीच भीती वाटायची नाही. विंचू निघाला की गल्लीतली पोरं ओट्यावर चढायची आणि ही चप्पल शोधायची. गणिताच्या मास्तरांना सगळी शाळा भ्यायची, ही फळ्याजवळ जाऊन त्यांची चूक दाखवून यायची. तिला भीती लागली ती नोकरी लागल्यावर. आणि ती तरी कशाची, तर हरभऱ्याएवढ्या एका ठिपक्याची.

हा ठिपका लॅपटॉपवर तिच्या फोटोच्या कोपऱ्यात असायचा. ती काम करत असली की हिरवा. पाच मिनिटं माऊसला किंवा कीबोर्डला हात लागला नाही की आपोआप पिवळा. पिवळा म्हणजे बाई जागेवर नाहीत. हे पुण्यातल्या तिच्या साहेबाला दिसायचं, टीममधल्या बावीस जणांना दिसायचं, आणि अमेरिकेतल्या ज्या विमा कंपनीचं काम हे सगळे करत होते तिथंही दिसायचं. आता एवढ्या लोकांना दुसऱ्याच्या ठिपक्याकडं बघत बसायला वेळ कुठला? पण शिवप्रियाच्या लेखी ते सगळे हातातली कामं टाकून तिच्याच ठिपक्यावर डोळे लावून बसलेले असायचे. ती बाथरूमला जायची ती जीव मुठीत धरून, आणि यायची ती पळत. चहा जागेवर, जेवण जागेवर. मान धरली, पाठ धरली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. ठिपका मात्र हिरवागार.

बरं, नोकरी वाईट म्हणावी तर तसंही नाही. सोलापुरात इंजिनिअरिंग करून ती पुण्याच्या या कंपनीत लागली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. लोहाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतून असली नोकरी मिळवणारी ती पहिली. कंपनीत कुणी तिची जात विचारली नाही, कुणी पोरगी म्हणून मागच्या बाकावर बसवलं नाही. तिनं लिहिलेला प्रोग्राम चालला तर चालला, नाही चालला तर नाही. त्यात कुणाचा वशिला चालत नव्हता, हे तिला मनापासून आवडायचं. घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला तो याच नोकरीवर. आणि अप्पांना, म्हणजे तिच्या वडलांना, झटका आला तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात कागदावर सही करताना तिला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. एवढं सुख ज्या नोकरीनं दिलं, ती जाईल या धास्तीनं माणसाची झोप उडावी, यात तसं नवल काही नाही.

गल्लीला मात्र तिची नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते, अशी सर्वसाधारण समजूत. कुणी बंद पडलेला मोबाईल घेऊन यायचं, कुणी पीकविम्याचा फॉर्म. तिला बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तर कांदेपोह्याची बशी खाली ठेवत विचारलं होतं, "सरकारी न्हाय म्हणल्यावर पक्की कशी म्हणायची?" शिवप्रियाला त्या माणसाचा राग आला होता. पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

अप्पा, म्हणजे शरणबसप्पा, अडतीस वर्षं लोहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. दोन वर्षांमागं थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. कोरोनापासून कंपनीनं सगळ्यांनाच कुठूनही काम करायची मुभा दिली होती, म्हणून शिवप्रियानं पुण्याची खोली सोडली आणि ती लोहाऱ्याला येऊन राहिली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी नेटवर्क चांगलं यायचं, तिथं टेबल मांडलं, इन्व्हर्टर बसवला. सकाळी साडेनऊला कंपनी चालू.

अडचण होती ती दहा ते पावणेअकराची.

अप्पा पक्के लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. आणि गेला होता नेमका तोच हात. सकाळी उठल्यावर त्या हाताची बोटं आवळलेली असायची. तेल, शेक, मग व्यायाम, मग ऊन पाण्यानं आंघोळ, एवढं सगळं झाल्यावर दहाच्या सुमारास ती कुठं सैल व्हायची. तरी हात अधांतरी राहायचा नाही. खालून कुणीतरी तळहात लावून धरावा लागायचा. पहिल्यांदा हे काम अव्वानं केलं. अव्वा म्हणजे नागम्मा, शिवप्रियाची आई, माहेर आळंदकडचं, घाबरली की कन्नड बोलणारी. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. एक दिवस तिच्याच्यानं भार धरवला नाही आणि लिंग घरंगळून चटईवर पडलं. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. मठातले अय्या येऊन विधी करून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तोंडात घास घेतला, तोही रडत रडत.

तेव्हापासून दहाच्या ठोक्याला अप्पांच्या तळहाताखाली शिवप्रियाचा तळहात.

पहिल्याच आठवड्यात साहेबाचा मेसेज आला. साहेब म्हणजे यज्ञेश, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बोलायला बरा. "चाळीस मिनिटं पिवळी दिसलीस. सगळं ठीक ना?" एवढंच. पण शिवप्रियाला ते पुरेसं होतं. तिनं घाईघाईनं लिहिलं, "सॉरी सर, नेट गेलं होतं, परत असं होणार नाही." नेट काही गेलं नव्हतं. आणि परत असं होणार नाही हे लिहून तर बसली, पण उद्या दहा वाजता काय करायचं?

उद्या दहा वाजता तिनं अव्वाला लॅपटॉपसमोर बसवलं.

"अव्वा, हे बघ. हा ठिपका हिरवा हाय नव्हं? ह्यो पिवळा होऊ द्यायचा न्हाय. मधून मधून हे जरा हलवायचं. काही दाबायचं न्हाय, नुसतं हलवायचं."

"एवढंच?" अव्वा म्हणाली. "मला वाटलं तुजं काम लई अवघड हाय."

अशी नागम्मा वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाली. दहाला पाच कमी असताना ती हात धुऊन, पदर खोचून खुर्चीवर बसायची. शेजारणीनं ओट्यावरून हाक मारली तर आतूनच सांगायची, "आता न्हाय, म्या कंपनीत हाय." हे ऐकून शिवप्रियाला हसू यायचं आणि लगेच धडकीही भरायची. कारण कंपनीचा लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, घरच्यांच्यासुद्धा नाही, असं लिहिलेल्या कागदावर ती दर वर्षी सही करत होती. असं करणाऱ्याला काढून टाकायचे कंपनीला अधिकार होते, तेही त्यात लिहिलेलं होतं. पण सात महिने सुरळीत गेले. ठिपका पिवळा झाला नाही, लिंग पडलं नाही. माणूस भीतीलाही सरावतो.

मग एका बुधवारी दुपारी मेल आला.

उद्या गुरुवारी चार वाजता व्हिडिओ कॉल. एचआरच्या मैथिली मॅडम आणि यज्ञेश. विषय, कामाच्या वेळेतल्या हालचालींची नोंद. खोलीत दुसरं कुणी नसावं. सोबत एक तक्ता जोडलेला. रोज सकाळी दहा ते पावणेअकरा, माऊस दर तीन मिनिटं चार सेकंदांनी हलतो. कधी एखादा सेकंद कमी, कधी एखादा जास्त. सात महिने. मध्ये एक अक्षर टाईप केलेलं नाही. खाली एक ओळ होती, की हे माणसाचं काम वाटत नाही, माऊस हलवणारं एखादं यंत्र लावल्याचा संशय आहे.

शिवप्रियानं तो तक्ता तीनदा वाचला. मग पुण्यातल्या भैरवीला फोन लावला. दोघी एकाच दिवशी कंपनीत लागलेल्या, त्यामुळं तिच्यापासून काही लपवायचं नव्हतं.

"यंत्र लावलंस का गं खरंच?" भैरवीनं आधी तेच विचारलं.

"यंत्र कुठलं, आई होती."

भैरवीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "दिग्विजय आठवतोय? त्याला असंच बोलावलं होतं. बोलणं चालू असतानाच लॅपटॉप बंद पडला त्याचा. पंधरा मिनिटांत संपलं सगळं. अनुभवाचं पत्रसुद्धा दिलं नाही, त्यामुळं दुसरीकडं कुणी उभं करत नव्हतं. तू आईचं नाव काढू नकोस बाई. मीच हलवत होते म्हण. वाचत बसले होते म्हण."

फोन ठेवल्यावर शिवप्रिया आत गेली. अव्वा परातीत ज्वारी निवडत होती.

"अव्वा, तू ते माऊस कसं हलवायचीस?"

"कसं म्हंजे?" अव्वाचा चेहरा उजळला. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामाची चौकशी करत होतं. "घड्याळ मला कळत न्हाय नीट. मग रुद्राक्षाची माळ घ्यायची. ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय, एकशेआठ झाले, माळ फिरली, की एकदा हलवायचं. परत माळ. तेवढंच देवाचं नाव बी व्हतं. एक दीस चुकले न्हाय बघ."

चुकली नव्हतीच. तेच तर झालं होतं. पन्नास वर्षं रोज जप करणाऱ्या बाईची माळ कुठल्याही यंत्राइतकी एकसारखी फिरत होती, आणि पुण्याच्या कॉम्प्युटरनं तिला यंत्र ठरवून टाकलं होतं.

"एनातु?" पोरीचं तोंड बघून अव्वानं विचारलं. मग मराठीत, "काय झालं गं? चुकलं का माजं?"

"न्हाय अव्वा. तुजं काय चुकलं न्हाय."

पण अव्वाला कळलं. तिनं परात बाजूला सारली आणि वाकडी बोटं पदरात लपवली, जशी काही त्या बोटांनी चोरी केली होती. "पोलीस येतील का गं?" तिनं हळूच विचारलं. शिवप्रिया नाही नाही म्हणत राहिली. तिच्याच आवाजावर तिचा विश्वास बसत नव्हता.

तिनं विचार करून करून पाहिला. यंत्र लावलं म्हणावं तर नोकरी जाणार. खरं सांगावं तर लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून जाणार. उरलं खोटं बोलणं. आणि नोकरी गेली तर अप्पांचं काय, हा विचार आला की पुढचं काही सुचायचंच नाही. त्यांचा व्यायाम घ्यायला उमरग्याहून येणारा माणूस बंद, औषधं अर्धी, आणि ही अनुभवाच्या पत्रावाचून ठिकठिकाणी सीव्ही पाठवत बसणार. बरं, पुण्याला परत जायची वेळ आली तर दहा वाजता तळहात कोण लावणार? तिला एकदम वाटलं, त्या मास्तरांना भ्यायला पाहिजे होतं, विंचवाला भ्यायला पाहिजे होतं. सवय तरी झाली असती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिनं अव्वाला खुर्चीवर बसू दिलं नाही. लॅपटॉप उचलून पूजेच्या चटईवर आणला. डावा हात अप्पांच्या तळहाताखाली, उजवा माऊसवर, आणि डोळे ठिपक्यावर. अप्पांनी भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. शिवप्रियाचा हात थरथरत होता. तिला ते कळलंच नाही. अप्पांना कळलं. लिंग तळहातावर किंचित सरकलं आणि त्यांनी उजव्या हातानं ते झटकन दाबून धरलं. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, लहान पोरानं भेदरून काढावा तसा. शिवप्रियानं माऊस सोडला आणि दोन्ही हात खाली लावले. पूजा होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. वर पाहिलं तेव्हा ठिपका पिवळा होता.

झटका आल्यापासून अप्पांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द जुळवायला लागायचा. त्यांनी नुसतं लॅपटॉपकडं बघितलं, मग तिच्याकडं.

चार वाजता तिनं पुढच्या खोलीचं दार लोटलं, केस नीट केले आणि कॉल सुरू केला. पडद्यावर मैथिली मॅडम, पन्नाशीच्या, पिकलेल्या केसांच्या. शेजारच्या चौकोनात यज्ञेश, नेहमीसारखा दाढी न केलेला. शिवप्रियाचं लक्ष लॅपटॉपच्या दिव्यावर. आता बंद पडेल, आता बंद पडेल.

"तक्ता पाहिलात ना?" मैथिली मॅडमनी विचारलं. आवाज कडक नव्हता, त्यानं ती जास्तच घाबरली. "काय म्हणणं आहे?"

"मीच हलवत होते मॅडम." तिनं परत लॅपटॉपच्या दिव्याकडं बघितलं. "डॉक्युमेंट वाचत होते. ठिपका जाऊ नये म्हणून मधून मधून..."

"सात महिने? रोज तीन मिनिटं चार सेकंदांनी?"

"हो."

"शिवप्रिया," मॅडम म्हणाल्या, "माणूस असं करू शकत नाही. यंत्र कुठलं होतं ते सांगा. खोटं बोललात तर मला पुढं काही करता येणार नाही."

यज्ञेश खाली मान घालून बसला होता. शिवप्रियानं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. संपलं, अकरा वर्षं संपली, असं तिच्या मनात आलं. आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"ती न्हाय. म्या."

नागम्मा दारात उभी होती. डोक्यावरचा पदर गळ्यापर्यंत आला होता. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. पुढं येऊन तिनं पडद्याला हात जोडले. "म्या हलवलं ते, बाईसाहेब. पोरगी तिच्या बापाचा हात धरून बसती, तवर म्या हलवत हुते. काय करायचं ते मला करा. तिला काढू नका."

"अव्वा, आत जा." शिवप्रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता दोन्ही गुन्हे झाले होते, खोटं बोलण्याचा आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देण्याचा.

मैथिली मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आई, तुम्ही हलवत होतात?"

"व्हय."

"मग आता हलवून दाखवाल का, जसं रोज हलवायचात तसं?"

नागम्मा खुर्चीच्या टोकावर बसली. तिनं माऊसला हात लावला. हात एवढा कापत होता की पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला. अर्ध्या मिनिटात तिनं चारदा हलवलं. मग थांबली, मग परत दोनदा. शिवप्रियानं डोळे मिटून घेतले. यात एकसारखं काहीच नव्हतं. भीतीनं सगळी लय मोडून टाकली होती, आणि याच्यावर त्यांचा विश्वास कसा बसावा?

"असं न्हाय व्हायचं," नागम्मा रडकुंडीला येऊन म्हणाली. "माळ लागंल मला."

"कसली माळ?" यज्ञेशनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

ती आत जाऊन रुद्राक्षाची माळ घेऊन आली. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. पुण्यात दोन माणसं आणि लोहाऱ्यात एक, तिघंही गप्प बसून एका म्हातारीचा जप ऐकत होती. माळ फिरली. तिनं माऊस एकदा हलवला, परत माळ. शिवप्रिया पडद्यावरच्या घड्याळाकडं बघायचं टाळत होती आणि तरी बघत होती. पहिल्या फेरीला वेळ जरा जास्त लागला. दुसऱ्या फेरीत आवाज स्थिर झाला. तिसऱ्या फेरीपर्यंत नागम्मा पडदा, बाईसाहेब, नोकरी, सगळं विसरून गेली होती.

"तीन मिनिटं तीन सेकंद," मैथिली मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. आणखी एक फेरी झाल्यावर म्हणाल्या, "तीन मिनिटं चार."

मग मॅडमनी लिहायला घेतलं. "यंत्र नव्हतं, हे मी लिहिते आहे. पण लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती दिला गेला, हेही मला लिहावंच लागेल. आणि सुरुवातीला तुम्ही खोटं बोललात. कशासाठी हे सगळं?"

शिवप्रियानं सांगितलं. झटका, हात, बोटं, लिंग चटईवर पडलं तो दिवस. सांगताना तिला वाटत होतं की पुण्यात बसून या माणसांना यातलं काय कळणार. यज्ञेश मध्येच म्हणाला, "म्हणजे रोज पाऊण तास? बास?"

"हो सर."

"अगं, मग कॅलेंडरमध्ये टाकायचंस ना! दहा ते पावणेअकरा, वैयक्तिक काम. मी रोज अडीच ते सव्वातीन जागेवर नसतो. मुलाला शाळेतून आणतो. माझा ठिपका पिवळा असतो तेव्हा. कधी बघितला नाहीस?"

तिनं खरंच कधी बघितला नव्हता. अकरा वर्षांत तिनं फक्त स्वतःचा ठिपका बघितला होता.

"आणि मी तुला विचारलंही होतं," यज्ञेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की वाईट वाटणं, ते कळत नव्हतं. "सगळं ठीक ना, म्हणून. मी खरंच विचारलं होतं गं."

कॉल संपला तरी लॅपटॉप चालूच होता. नागम्मा माळ हातात घेऊन बसून राहिली. शिवप्रिया तिच्या पायाशी जमिनीवर बसली.

शुक्रवारी सकाळी नऊला पत्र आलं. लेखी ताकीद, या वर्षी बढतीसाठी विचार होणार नाही, पुन्हा असं झाल्यास सेवा समाप्त. नोकरी राहिली होती. खाली यज्ञेशची एक ओळ होती, की पाऊण तास मंजूर आहे, कॅलेंडरमध्ये टाक. तिनं टाकला. साधी दोन बोटांची कामगिरी, दहा सेकंदही लागले नाहीत. तरी बटण दाबण्याआधी तिनं वेळ दोनदा तपासली.

दहा वाजता ती लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवून आत आली. अव्वा चुलीपाशी होती, ती पुढच्या खोलीकडं फिरकलीच नाही. शिवप्रियानं अप्पांच्या तळहाताखाली हात लावला. बाहेर ठिपका पिवळा झाला असेल, हे तिला कळत होतं. मंजुरी मिळाली म्हणून भीती काय एका रात्रीत जाते?

अप्पांनी भस्माची बोटं उचलली आणि थांबले. त्यांनी मानेनं बाहेरच्या खोलीकडं खूण केली. "कंपनी?"

"पाऊण तास सुट्टी हाय, अप्पा. रोजची."

"मागितली?"

"व्हय."

"दिली?"

"दिली की."

"लगीच?"

शिवप्रियानं मान हलवली. चुलीपाशी नागम्माचे हात थांबले. "मागितल्यावर लगीच दिली?" ती म्हणाली. "मग आदीच का न्हाय मागितलीस गं?"

शिवप्रिया अप्पांच्या तळहाताकडं बघत राहिली.

अप्पांची भस्माची बोटं तशीच वर राहिली. त्यांची आई वारली तो दिवस ऐन लग्नसराईतला होता. सकाळी अकरा वाजता दुकानात निरोप आला होता, घर दोन गल्ल्या सोडून. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली, मालक गादीवर बसलेले. अप्पा मालकांकडं काही न मागता दिवेलागणीपर्यंत कापड मोजत राहिले. घरी पोचले तेव्हा लोक मातीला जाऊन परत आले होते. का उशीर झाला, हे घरात त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

लिंगावरची नजर न काढता, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "मग... मालक मला बी... व्हय म्हन्ला असता काय गं?"